स्वॅप भरलाय? आधी पेजेसची ये-जा बघा

रॅममधला डेटा बाहेर काढून ठेवायची जागा म्हणजे स्वॅप, बहुतेकदा डिस्कवरची. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "स्वॅप वापरायला लागलाय, म्हणजे रॅम कमी पडतेय." मग कोणी स्वॅपच बंद करून टाकतं, कोणी स्वॅपिनेस, म्हणजे स्वॅपकडचा कल ठरवणारा आकडा, शून्यावर आणतं, तर कोणी रोज रात्री स्वॅप रिकामा करणारी क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून ठेवतं. या तिन्ही उपायांनी मशीन बहुतेक वेळा होतं त्यापेक्षा नाजूक होतं. स्वॅप किती भरलाय, हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. डिस्क आणि रॅम यांच्यात पेजेसची, म्हणजे मेमरीच्या छोट्या तुकड्यांची, ये-जा किती चालली आहे आणि त्या ये-जेपायी कोण ताटकळतंय, हे बघायला हवं.

समजा ८ जीबी रॅमचा एक सर्व्हर आहे. त्यावर एक डेटाबेस आणि एक वेब अ‍ॅप्लिकेशन चालतं. 'फ्री' कमांड चालवली की पहिल्या ओळीत दिसतं: एकूण ७.७ जीबी, वापरात ४.१, मोकळी ०.३, बफर आणि कॅशमध्ये ३.३, आणि शेवटच्या 'अव्हेलेबल' रकान्यात ३.२. खालच्या ओळीत स्वॅप: एकूण २ जीबी, त्यातला १.६ वापरात. नवखा माणूस हे बघून दचकतो. मोकळी रॅम नावाला उरलेली आणि स्वॅप ऐंशी टक्के भरलेला!

पण या ओळींमध्ये कामाचा रकाना 'अव्हेलेबल' हाच आहे. स्वॅपला हात न लावता नव्या प्रोग्रामला किती मेमरी देता येईल, याचा हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, अंदाज असतो. २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ आवृत्तीपासून तो कर्नल स्वतःच काढून देतं. इथे तो ३.२ जीबी आहे, म्हणजे मशीन निवांत आहे. मोकळी रॅम कमी दिसते, कारण उरलेली रॅम लिनक्सने फाइलींच्या कॅशसाठी कामाला लावली आहे, आणि गरज पडली की ती लगेच सोडता येते. स्वॅपमधले १.६ जीबी कदाचित आठवड्यापूर्वीच बाहेर गेले असतील. प्रोग्राम सुरू होताना लागलेला, नंतर कोणी न विचारलेला तो डेटा आहे. तो डिस्कवर पडून असल्याने कोणाचंच काही अडत नाही.

खात्री करायची तर 'व्हीएमस्टॅट १' चालवा. दर सेकंदाला एक नवी ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, कारण ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींमध्ये 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने बघा. दर सेकंदाला किती केबी स्वॅपमधून आत आले आणि किती बाहेर गेले, ते तिथे कळतं. दोन्हीकडे शून्य असेल तर स्वॅप कितीही भरलेला असो, तुमच्या संथपणाचं कारण दुसरीकडे शोधा. नुसता 'एसओ' थोडा वेळ वर गेला आणि 'एसआय' शून्यावरच राहिला, तरीही बिघडलं नाही; कर्नलने थंड पडलेला डेटा बाहेर काढला, एवढंच. दुखणं असतं ते 'एसआय'मध्ये. पेज आत येतंय याचा अर्थ बहुतेकदा कोणत्या तरी प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) ते आत्ता हवंय आणि ती थांबून बसली आहे. दोन्ही रकाने मिनिटामागून मिनिटं हजारांत असतील, तर नुकतंच बाहेर टाकलेलं पेज लगेच परत आणावं लागतंय. यालाच थ्रॅशिंग म्हणतात.

थांबणं म्हणजे नेमकं किती? रॅममधून डेटा वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीला त्याच्या हजारपट वेळ लागू शकतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एखादी सुटी जागा शोधून वाचायला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे रॅमच्या लाखपट. क्वचित कधी एखादं पेज परत आणावं लागलं तर कोणाला कळतही नाही. सेकंदाला हजारो आणावी लागली तर माउसचा बाणही हलत नाही.

रॅममध्ये दोन जातीची पेजेस असतात

स्वॅपबद्दलचे बहुतेक गैरसमज इथून सुरू होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कर्नल मेमरीचे छोटे तुकडे करून हिशोब ठेवतं. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर एक पेज ४ केबीचं असतं. यातली काही पेजेस डिस्कवरच्या फाइलींची असतात: प्रोग्रामचा कोड, लायब्ररी, वाचलेल्या फाइली. बाकीची पेजेस प्रोग्रामने चालता चालता स्वतः तयार केलेली असतात: व्हेरिएबल्स, ब्राउझरच्या टॅबमधला मजकूर, डेटाबेसचा स्वतःचा बफर. त्यांच्यामागे कोणतीही फाइल नसते, म्हणून त्यांना अनामिक पेजेस म्हणतात.

ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक जागा नसली तर परत देता येतं, लागलं तर पुन्हा आणता येतं. स्वतःच्या हाताने लिहिलेली वही तशी देऊन टाकता येत नाही. ती कुठेतरी नीट ठेवावीच लागते. फाइलीचं पेज पुस्तकासारखं आणि अनामिक पेज वहीसारखं. वही ठेवायची जागा म्हणजे स्वॅप.

आता स्वॅप बंद केला तर काय होतं ते बघा. अनामिक पेजेस रॅममध्ये अडकून पडतात. त्यांना वर्षभर कोणी हात लावला नाही तरी ती हलत नाहीत. मेमरीची चणचण भासली की कर्नलच्या हाती फक्त फाइलींची पेजेस उरतात, आणि ते ती काढत जातं. चणचण वाढली की चालू प्रोग्रामच्या कोडचीच पेजेस बाहेर पडायला लागतात. प्रोग्रामला पुढची ओळ चालवायची तर तिचं पेज पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं. ते वाचलं की दुसरं कोणतं तरी पेज बाहेर जातं. म्हणजे स्वॅप नसतानाही थ्रॅशिंग होतंच, आणि 'एसआय', 'एसओ' दोन्ही शून्य दाखवत असल्याने ते पटकन कळतही नाही.

हे पुस्तकी उदाहरण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कर्नल लिहिणाऱ्यांपुढे हीच तक्रार मांडली गेली होती: मशीनला ४ जीबी रॅम द्या, स्वॅप बंद करा, ब्राउझरमध्ये एकामागून एक टॅब उघडत जा, एका टप्प्यावर मशीन गोठतं आणि डिस्कचा दिवा लागलेलाच राहतो. अशा वेळी कर्नलने एखादी प्रोसेस मारून मोकळं व्हायला हवं होतं. पण दरवेळी फाइलीची चार पेजेस काढायला मिळत असल्याने आपलं काम चाललंय असंच कर्नलला वाटतं, आणि प्रोसेस मारण्याची पाळी फार उशिरा येते.

म्हणून माझा सल्ला असतो: थोडा का होईना, पण स्वॅप ठेवा. स्वॅपने रॅम वाढत नाही. पण रॅममधून कोणाला काढायचं याची निवड कर्नलला खुली राहते, आणि थंड वही बाहेर ठेवून गरम पुस्तक हाताशी ठेवता येतं.

स्वॅपिनेस म्हणजे टक्केवारी नव्हे

"स्वॅपिनेस ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की ते खोडून काढणं गरजेचं वाटतं. स्वॅपिनेसचा रॅम किती भरली याच्याशी संबंध नाही. रॅम मोकळी करायची वेळ आली की अनामिक पेज काढणं आणि फाइलीचं पेज काढणं यांत कर्नलचा कल कुणीकडे असावा, हे त्या आकड्याने ठरतं. दोन्हींची किंमत सारखी धरायची तर आकडा १००. मूळ ठेवलेला ६० हा आकडा सांगतो की स्वॅपमधून आणणं जरा महाग आहे, म्हणून फाइलींची पेजेस आधी काढा.

२०२० मध्ये ५.८ आवृत्ती आली आणि ही मर्यादा १०० वरून २०० पर्यंत वाढली. वाढवण्यामागे कारण होतं: स्वॅप आता फाइलींच्या डिस्कपेक्षा वेगवानही असू शकतो, रॅममध्येच दाबून ठेवलेला. कर्नलच्या माहितीपत्रकातच हिशोब दिलाय: स्वॅपचं साधन फाइलींच्या डिस्कच्या दुप्पट वेगाचं असेल तर स्वॅपिनेस १३३ ठेवा.

शून्याबद्दल मात्र सावध राहा. २०१२ च्या ३.५ आवृत्तीपासून शून्याचा अर्थ बराच कडक झाला. मोकळी आणि फाइलींची पेजेस मिळून अगदी तळाला जाईपर्यंत कर्नल अनामिक पेजेसना हात लावत नाही. त्यामुळे स्वॅप जवळजवळ रिकामा असतानाही डेटाबेसची प्रोसेस मारली जाऊ शकते. डेटाबेस सांभाळणारे ० ऐवजी १ ठेवतात ते याचसाठी. घरच्या लॅपटॉपवर एसएसडी असेल तर ६० ला हात लावायची गरज मला वाटत नाही. बदलायचंच असेल तर 'सिसकंट्रोल'ने बदलून आधी काही दिवस बघा, आणि मगच 'ईटीसी'मधल्या 'सिसकंट्रोल डॉट डी' फोल्डरमध्ये कायमची नोंद करा.

रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप

स्वॅप डिस्कवरच असला पाहिजे असं नाही. झेडरॅम रॅमचाच एक भाग स्वॅपचं साधन म्हणून उभा करतं आणि तिथे जाणारं पेज दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवतं. नेहमीचा डेटा दाबल्यावर साधारण अर्ध्या ते एक तृतीयांश जागेत मावतो. ते दाबायला आणि उलगडायला प्रोसेसरला काही मायक्रोसेकंद लागतात, डिस्कच्या मानाने नगण्य. नितीन गुप्ता यांनी हे काम 'कॉम्पकॅश' नावाने सुरू केलं होतं. २०१४ च्या ३.१४ आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये पक्कं बसलं. अँड्रॉइड फोनमध्ये ते सर्रास वापरतात, त्यामुळे हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय त्यातही ते बहुधा चालू असेल. फेडोराने २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीत, डिस्कवरचा स्वॅप सोडून झेडरॅम हाच नेहमीचा मार्ग केला.

४ किंवा ८ जीबीचा जुना लॅपटॉप आणखी काही वर्षं चालवायचा असेल तर झेडरॅमइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. त्यासोबत 'पेज क्लस्टर' हा आकडा ० करा. मूळचा आकडा ३ आहे, म्हणजे एक पेज मागितलं की शेजारची धरून ८ पेजेस एकदम आणली जातात. फिरत्या डिस्कवर ते शहाणपणाचं होतं. झेडरॅमवर नको असलेली पेजेस उलगडण्यात उगाच वेळ जातो. फोटो, व्हिडिओ किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबला जात नाही, तिथे झेडरॅमकडून फारशी अपेक्षा ठेवू नका.

डिस्कवरही स्वॅप असेल तर झेडस्वॅपकडे बघा. तो २०१३ मध्ये ३.११ आवृत्तीत आला. डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढ्यात तो रॅममध्ये एक दाबलेला साठा ठेवतो, आणि साठा भरला की त्यातली जुनी पेजेस डिस्कवर ढकलतो. झेडरॅम आणि डिस्क असे दोन स्वॅप शेजारी लावले तर नेमकं उलटं होण्याचा धोका असतो: आधी गेलेली थंड पेजेस झेडरॅममध्ये ठाण मांडून बसतात आणि नंतरची, जास्त लागणारी पेजेस संथ डिस्कवर जातात. तेव्हा एकटा असेल तर झेडरॅम, डिस्क सोबतीला असेल तर झेडस्वॅप.

स्वॅप फाइल आणि तिचा आकार

स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन पाहिजे, ही आता जुनी गोष्ट झाली. २.६ कर्नलपासून साध्या फाइलीवरचा स्वॅप पार्टिशनइतकाच वेगाने चालतो, आणि उबुंटूने २०१७ मध्ये १७.०४ आवृत्तीपासून स्वॅप फाइलच धरली आहे. करायचं इतकंच: 'डीडी'ने हव्या त्या आकाराची, शून्यांनी भरलेली फाइल तयार करा, 'सीएचमॉड ६००' देऊन ती रूटशिवाय कोणाला वाचता येणार नाही असं करा, 'एमकेस्वॅप'ने तिच्यावर स्वॅपची खूण करा, 'स्वॅपऑन'ने चालू करा, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही ती राहावी म्हणून 'एफएसटॅब'मध्ये ओळ घाला. फाइलीत मोकळी भोकं चालत नाहीत, म्हणून 'डीडी' सगळ्यात निर्धोक. बीटीआरएफएस या फाइल सिस्टमवर कॉपी-ऑन-राइट (बदल नव्या जागी लिहिण्याची पद्धत) बंद असलेली फाइल लागते. त्याच्या नव्या साधनांमध्ये स्वॅप फाइल बनवायची वेगळी कमांडच आहे.

आकार किती? "रॅमच्या दुप्पट" हा नियम काही एमबी रॅमच्या काळातला. रेड हॅटचं कोष्टक जास्त व्यवहार्य आहे: २ जीबीपर्यंत रॅम असेल तर दुप्पट, २ ते ८ जीबीला रॅमइतका, त्यापुढे किमान ४ जीबी. हायबरनेट करायचं, म्हणजे चालू स्थिती जपून मशीन पूर्ण बंद करायचं असेल तर जास्त लागतो, कारण तेव्हा रॅममधला डेटा स्वॅपमध्येच लिहिला जातो. आणि झेडरॅमवर हायबरनेट होत नाही, कारण वीज गेली की तोही गेला.

एक गोष्ट विसरली जाते. स्वॅपमध्ये गेलेला पासवर्ड किंवा की मशीन बंद केल्यावरही डिस्कवर राहू शकते. लॅपटॉप चोरीला जाण्याची भीती असेल तर स्वॅप एन्क्रिप्ट करा. 'क्रिप्टटॅब'मध्ये दरवेळी नवी यादृच्छिक की घेण्याची सोय आहे, फक्त त्या पद्धतीत हायबरनेट सोडावं लागतं.

कोणाच्या वाट्याला किती

आता पुन्हा त्या ८ जीबीच्या सर्व्हरकडे. समजा रात्री दोनला एक अहवाल तयार करणारी स्क्रिप्ट चालते. ती अख्खं टेबल मेमरीत ओढते आणि ५ जीबी घेऊन बसते. डेटाबेस त्या वेळी शांत असतो, म्हणून त्याची पेजेस थंड समजून स्वॅपमध्ये जातात. पहाटे स्क्रिप्ट संपते, रॅम मोकळी होते. पण पेजेस आपणहून परत येत नाहीत, कोणी मागितली तरच येतात. सकाळी दहाला पहिला ग्राहक येतो आणि त्याचं पान उघडायला भलताच वेळ लागतो. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं, म्हणून तक्रारीचं मूळ सापडत नाही.

कोणत्या प्रोसेसची किती मेमरी स्वॅपमध्ये आहे, हे 'प्रॉक' फोल्डरमध्ये तिच्या क्रमांकाखालच्या 'स्टेटस' फाइलीत 'व्हीएमस्वॅप' या ओळीत सापडतं. सकाळी तिथे डेटाबेससमोर मोठा आकडा दिसला की रात्रीचा प्रकार उघड होतो. यावर सगळ्या मशीनचा स्वॅपिनेस बदलणं म्हणजे एकाच्या चुकीपायी सगळ्यांना वेठीला धरणं. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीमध्ये प्रत्येक सेवेला स्वतंत्र मर्यादा लावता येते. स्क्रिप्टच्या सेवेला 'मेमरीहाय' २ जीबी द्या, म्हणजे त्यापुढे गेली की तिचाच वेग कमी होईल आणि तिचीच पेजेस बाहेर जातील. 'मेमरीमॅक्स' ही शेवटची भिंत. डेटाबेसच्या सेवेला 'मेमरीलो' लावा, म्हणजे तेवढी मेमरी कर्नल सहसा सोडवून घेणार नाही. कोणाला किती स्वॅप वापरू द्यायचा तेही 'मेमरीस्वॅपमॅक्स'ने ठरवता येतं. स्क्रिप्ट अर्धा तास उशिरा संपेल. रात्री दोनला त्याने कोणाचंच काही बिघडत नाही.

रात्रीची क्रॉन जॉब लावून स्वॅप रिकामा करण्याने मात्र यातलं काहीच साधत नाही. 'स्वॅपऑफ' प्रत्येक पेज डिस्कवरून परत आणतं, वर्षभर न लागलेलंसुद्धा, आणि त्यांच्यासाठी कामाची फाइल-कॅश हाकलून देतं. रॅम पुरली नाही तर प्रोसेस मारली जाण्यापर्यंत वेळ येते.

२०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० आवृत्तीपासून कर्नल याहून चांगलं मोजमाप देतं. 'प्रॉक'मधल्या 'प्रेशर' फोल्डरमध्ये 'मेमरी' नावाची फाइल आहे. तिच्या 'सम' ओळीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांपैकी किती टक्के वेळ निदान एक तरी प्रोसेस मेमरीसाठी खोळंबली होती ते दिसतं. 'फुल' ओळीत, किती टक्के वेळ सगळ्याच कामात असलेल्या प्रोसेस एकदम खोळंबल्या होत्या. 'फुल'चा आकडा सतत शून्याच्या वर राहू लागला की तो अलार्म समजा. मॉनिटरिंगमध्ये "स्वॅप ८० टक्के भरला" असा इशारा असेल तर तो काढून त्या जागी हा लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच मोजमापाच्या आधारावर 'सिस्टमडी-ओओएमडी' चालतं. मशीन गोठायच्या आधीच ते जड सेवा बंद करतं. डेस्कटॉपवर ब्राउझर अचानक गायब झाला तर नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलकंट्रोल'मध्ये आधी याचं नाव शोधा, मग कर्नलच्या 'आउट ऑफ मेमरी' या ओळी. एखादी प्रोसेस कर्नलने मारू नये असं वाटत असेल तर तिचा 'ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट' -१००० पर्यंत खाली आणता येतो. पण हे एसएसएचसारख्या लहान, अत्यावश्यक सेवेसाठीच करा. सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्या प्रोसेसला असं अभय दिलं तर तिच्या वाटची कुऱ्हाड दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर पडते.

आणि 'व्हीएमआरएसएस' (प्रोसेसची रॅममधली मेमरी) आणि 'व्हीएमस्वॅप' यांची बेरीज एखाद्या प्रोसेससाठी दिवसेंदिवस चढतच असेल, ग्राहक कमी असतानाही उतरत नसेल, तर ती मेमरी गळती आहे. तिथे स्वॅप वाढवला तर मशीन कोसळण्याचा दिवस फक्त पुढे जातो. गळती सापडेपर्यंत त्या सेवेला 'मेमरीमॅक्स' लावा, 'रीस्टार्ट' ओळीत 'ऑन-फेल्युअर' लिहा, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्या बेरजेचा आठवडाभराचा आलेख पाठवा.